संजय ओव्हाळ यांची भव्य वहीतुला

येरवड्याच्या चौकात, सिग्नलच्या खांबाजवळ, संजय ओव्हाळ स्वतःच्याच फ्लेक्सखाली उभा होता आणि एक रिक्षावाला त्यालाच विचारत होता, "ओ भाऊ, हे वरचे साहेब राहतात कुठं?"

संजयने वर पाहिलं. वरचे साहेब हसत होते. हनुवटी एकच, निळा शर्ट खोचलेला आणि पट्ट्याच्या वर काहीही लोंबत नव्हतं. खालच्या साहेबांच्या अंगात निळा शर्ट तोच होता, पण त्याची मधली दोन बटणं आता केवळ माणुसकीखातर लागत होती.

"काय काम होतं?"

"काम नाही. पोरगी सातवीत आहे माझी. म्हटलं, वजन किती ते विचारून घ्यावं. किलोला चार वह्या बसतात म्हणे. पण हा तर पार वाळका दिसतोय, आपल्या वाट्याला काय येणार?" रिक्षावाल्याने संजयला आधी उभं आणि मग आडवं न्याहाळलं. "तुमच्यासारखा एखादा निवडायचा होता राव."

सिग्नल सुटला. रिक्षा गेली. फ्लेक्स राहिला. त्यावर लिहिलं होतं: 'येरवड्याचे भूषण, संगणक अभियंता मा. संजय तात्याराव ओव्हाळ यांची भव्य वहीतुला. जेवढे वजन तेवढ्या वह्या! सौजन्य: मा. हिंमतराव.' हिंमतरावांचा फोटो भूषणापेक्षा दुप्पट मोठा होता, पण फक्त चेहऱ्याचा. गळ्याखालचा भाग फ्लेक्सवाल्याने समजूतदारपणे कापला होता.

आता हे प्रकरण इथवर आलं कसं, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी संजयने वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. पोटाचा मोठा भाग कापून बाहेर काढला आणि उरलेल्याची केळ्याएवढी नळी केली. ऑपरेशनच्या खोलीबाहेर त्याचे वडील तात्याराव हाताची घडी घालून बसले होते. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस फार बोलत नाही, आणि बोलला की समोरच्याला वाटतं, गप्प होता तेच बरं होतं. त्या दिवशी ते सुनेला, सोनालीला, एवढंच म्हणाले, "माझ्या बापाने अर्ध्या भाकरीवर दिवस काढले. मी पोटभर जेवलो. हा पैसे भरून पोट कापून घेतोय. तीन पिढ्यांत आपण बरीच मजल मारली."

ऑपरेशन उत्तम झालं. संजय झपाट्याने उतरला. दवाखान्याने त्याचे दोन फोटो, एक आधीचा आणि एक नंतरचा, मोठे करून आत भिंतीवर आणि बाहेर पाटीवर लावले. अनोळखी लोक त्याला लिफ्टमध्ये थांबवून अभिनंदन करू लागले. आणि मग गेलेलं वजन परत यायला लागलं. लग्नघरी लांबचे नातेवाईक येतात तसं आलं. आधी एकटं, मग बॅग घेऊन, मग पोराबाळांसकट.

त्यात नवल काहीच नव्हतं. केळ्याएवढ्या पोटात एका वेळी दोन पोळ्या मावत नाहीत हे खरं, पण आइस्क्रीम घातलेली ग्लासभर मस्तानी मावते. मस्तानीला पोट लागतच नाही, ती नुसती जाते. खराडीच्या ज्या काचेच्या इमारतीत संजय टेस्टिंग मॅनेजर होता, तिथे दर मजल्यावर बिस्किटं फुकट, चिवडा फुकट आणि कुणाचा ना कुणाचा वाढदिवस रोजचाच. संजय एका वेळी चमचाभरच खायचा. फक्त ती वेळ सकाळी नऊला सुरू व्हायची आणि संध्याकाळी सातला संपायची. दवाखान्यात दाखवायला बोलावलं की तो म्हणायचा, रिलीज आहे, पुढच्या महिन्यात येतो. ज्या भिंतीवर आपला बारीक फोटो टांगलाय, त्या भिंतीखाली हे पोट घेऊन बसायचं कसं?

इकडे वस्तीत तात्यारावांची अभ्यासिका होती. येरवड्याच्या तुरुंगाच्या मागे, दोन खोल्यांची. तिथे एक शिरस्ता फार वर्षांपासून होता: पाहुणा कितीही मोठा असो, हार-फुलं आणायची नाहीत, वह्या आणायच्या. ज्यांच्या आज्यांना शाळेच्या पायरीवरून हाकललं, त्यांना फुलांचं कौतुक कुठून असणार? फूल दुपारी कोमेजतं. वही सहामाहीपर्यंत टिकते.

महापालिकेची निवडणूक जवळ आली तसे हिंमतराव अभ्यासिकेच्या बैठकीला आले. निवडणूक जवळ आली की हिंमतरावांचा 'जय भीम' फार ठणठणीत होतो, पाच वर्षं साठवलेला असतो. ते म्हणाले, "तात्या, यंदा पाच-पन्नास वह्या नाहीत. तुला करू. एका पारड्यात वस्तीचा हिरा, दुसऱ्यात वह्या. माणूस तुम्ही सांगा, वह्या मी देतो."

कुणीतरी संजयचं नाव घेतलं. तात्यारावांनी विरोध केला नाही, आणि त्यांच्या बाबतीत हा जल्लोषच समजायचा. हिंमतरावांनी दवाखान्याच्या पाटीवरचा बारीक संजय जाता-येता पाहिला होता. या माणसात फार वह्या जाणार नाहीत, असा हिशेब मनात करून त्यांनी जागच्या जागी होकार दिला. वस्तीतला असता तर त्यांनी संजयला एकदा प्रत्यक्ष पाहिलं असतं. पण ते वस्तीतले नव्हते, फक्त वस्तीचे होते, आणि तेही पाच वर्षांतून एकदा.

फ्लेक्स लागला त्याच रात्री सोनाली म्हणाली, "उद्या दवाखान्यात जायचं. तुला नको असेल तर मी एकटी जाऊन तुझ्या वतीने बसते."

दवाखान्याच्या आहारतज्ज्ञ प्रियदर्शनी मॅडम सदाशिव पेठेत एका पहिल्या मजल्यावर बसत. दारावर पाटी होती: 'चपला रांगेत ठेवाव्यात. आपल्या चपला इतरांपेक्षा महत्त्वाच्या नाहीत.' संजयने चपला रांगेत ठेवल्या, पोट आत ओढलं आणि आत गेला.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "सोडा आता. श्वास घ्या. मला वजन दिसतं, पोट आत ओढून ते लपत नाही."

"मॅडम, ऑपरेशन फेल गेलं वाटतं."

"ऑपरेशन पोटाचं झालं होतं. जिभेचं इथे होत नाही." त्यांनी रक्ताचा रिपोर्ट समोर धरला आणि आवाज जरा उतरवला. "हे बघा ओव्हाळ, वजन परत येतं. बऱ्याच जणांचं येतं. त्यात गुन्हा नाही. लाजून दोन वर्षं इकडे न फिरकणं, हा मात्र मूर्खपणा. साखर परत चढलीय. बंद केलेली गोळी पुन्हा सुरू करायची की काय, हे पुढच्या तपासणीत ठरेल."

साखर हा शब्द त्यांच्या घरात हळू आवाजात बोलला जायचा. त्याच्या आईचा उजवा पाय साखरेने नेला होता, आणि मग आईलाही. लोकांना वाटायचं, संजयने दिसण्यासाठी पोट कापून घेतलं. त्याने ते त्या पायासाठी कापलं होतं. पण ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती, कारण पुरुषाने घाबरून ऑपरेशन केलं म्हणण्यापेक्षा हौसेने केलं म्हणणं सोपं जातं.

मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून दिली. आधी अंडं, डाळ, मासळी, पनीर. मग भाजी. भात-पोळी उरलेल्या जागेत, जागा उरली तर. जेवताना पाणी नाही. घास चावून. रोज चालायचं. आणि पातळ गोड काहीही नाही.

"मस्तानी?"

"ती तुमच्याकडे बघून हसली तरी तुम्ही रस्ता ओलांडायचा."

इथवर गोष्ट साधी होती. एका माणसाला बारीक व्हायचं होतं. पण त्याचं वजन आता त्याचं एकट्याचं राहिलं नव्हतं.

दुसऱ्याच रविवारी हिंमतराव तात्यारावांच्या घरी आले आणि संजयने दार उघडलं. हिंमतराव म्हणाले, "साहेबांना बोलवा." संजय म्हणाला, "मीच." हिंमतरावांनी मान मागे नेऊन त्याच्याकडे पाहिलं. बांधकाम व्यावसायिक माणूस, डोळ्यांनी चौरस फूट मोजायची सवय. त्यांचा चेहरा असा झाला की जणू दोन मजल्यांची परवानगी असलेल्या जागेवर कुणी चार मजले चढवलेत.

"फोटोत कमी दिसता," ते म्हणाले.

"फोटो जुना आहे."

"फ्लेक्सवर तारीख टाकायला पाहिजे होती राव." मग खिशातून रुमाल काढून त्यांनी मान पुसली. ती पुसायला वेळ लागला, कारण मान बरीच होती. "काळजी करू नका. आपला पुतण्या आहे, दिग्विजय. नगर रोडला जिम आहे त्याची. तुमच्यासाठी फुकट. रोज या. दोनदा या."

माणसाच्या तब्येतीची इतकी आस्था त्याच्या बायकोलासुद्धा नसते. दिग्विजय पहाटे पाचला फोन करायचा. "सर, उठलात? कोअर वीक आहे तुमचा. आज आपण फॅटला सोडायचं नाही. काकांनी पर्सनली सांगितलंय." संजय धापा टाकत ट्रेडमिलवर चालायचा आणि दिग्विजय मोबाईलवर काकांना रोजचा आकडा कळवायचा. एकदा संजयचं वजन जरासं वाढलं, तर काकांचा स्वतःचा फोन आला. "ओव्हाळ, आपलं काय ठरलं होतं?" आपलं काही ठरलं नव्हतं, पण संजय म्हणाला, "सॉरी." बॉसला सॉरी म्हणायची सवय असलेला माणूस कुणालाही सॉरी म्हणतो.

ही झाली एक बाजू. दुसऱ्या बाजूला द्वारकामावशी होत्या.

द्वारकामावशी म्हणजे संजयच्या आईची जिवाची मैत्रीण. वस्तीच्या शाळेत खिचडी शिजवायच्या, त्यामुळे किती पोरं आहेत आणि कुणाच्या दप्तरात वही नाही, हे त्यांना तोंडपाठ. किलोला चार वह्या हा हिशेब रिक्षावाल्यापर्यंत पोहोचवला तो त्यांनीच. आणि तो कळल्यापासून सगळ्या बायकांनी मिळून संजयला पोसायला घेतलं होतं.

तात्यारावांना भेटायला तो वस्तीत शिरला की पहिल्या दारातून वाटी यायची. शिरा. दुसऱ्या दारातून पुरणपोळी, तूप सोडून. रतनकाकूंनी तर दळणाला गेलेल्या डब्यातून बेसनाचे लाडू पाठवले. संजय नाही म्हणायचा. बायका म्हणायच्या, "एक घास." एक घास गुणिले सोळा घरं. सोनालीने ते डबे गाडीच्या डिकीत भरून घरी आणायचे आणि आपल्या सोसायटीच्या वॉचमनला द्यायचे. महिनाभरात वॉचमनचा गणवेश उसवला.

खुद्द सोसायटीतही शांतता नव्हती. खालच्या मजल्यावरचे बापूराव, निवृत्त, जगातल्या प्रत्येक विषयावर उपलब्ध. ते लिफ्टपाशी गाठून म्हणाले, "ओव्हाळ, मी सांगतो, गरम पाण्यात कढीपत्ता. आणि खाण्यावर ताबा. म्हणजे राग मानू नका, पण तुमच्याकडे कसं, खाण्यापिण्याचं जरा जास्तच…"

संजय नेहमीसारखं हसून सोडून देणार होता. सोनालीने सोडलं नाही. "खरंय काका. आमच्याकडे पोटभर मिळायला लागून दोनच पिढ्या झाल्यात, म्हणून ताबा नाही. तुमच्याकडे पहिल्यापासून होतं, मग तुमचं पोट कशाने सुटलं?"

बापूराव जिन्याने गेले. तेवढाच त्यांचा व्यायाम.

मग सरकार मध्ये आलं. मांडवाच्या परवानगीला गेल्यावर तिथल्या साहेबांनी विचारलं, काटा प्रमाणित आहे का? तराजू मंडईतल्या एका कांदे-बटाट्याच्या वखारीतून ठरवला होता, प्रमाणित होता की नाही हे कांद्यांनाच ठाऊक. संजयने अर्धी रजा काढली आणि एका कचेरीत जाऊन रांगेत उभा राहिला. कारकुनाने पेन उघडलं.

"वजन करायची वस्तू?"

"मी."

कारकून वर न बघता म्हणाला, "विक्रीसाठी?"

"नाही हो. वाटपासाठी."

"तुमचं वाटप?"

"वह्यांचं! मी परत घरी जाणार."

"म्हणजे माल वह्या." कारकुनाचा चेहरा उजळला. "एका पारड्यात माल. दुसऱ्या पारड्यात तुम्ही. म्हणजे तुम्ही वजन झालात. वजनावर शिक्का लागतो. आहे का?"

संजयने खिसे चाचपले, हे त्याला नंतर आठवून फार लाजिरवाणं वाटलं.

"बरं, वजन स्थिर आहे का?"

"नाही. कमी करतोय."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "अस्थिर वजन मोजमापाला वापरता येत नाही. आणि कमी केलेलं तर मुळीच नाही. त्याला दंड आहे." दोन टेबलांवरचे लोक उठून बघायला आले. एकाने सहानुभूतीने विचारलं, "कितीने कमी केलं?" शेवटी मोठे साहेब आले. त्यांनी संजयकडे पाहिलं, अर्जाकडे पाहिलं आणि शेरा मारला: 'सदर बाब मनोरंजनाची असल्याने प्रमाणीकरणाची आवश्यकता नाही.' बावीस माणसांच्या टीमचा मॅनेजर, दोनदा अमेरिकेला जाऊन आलेला, तो कागद हातात घेऊन जिना उतरला. मनोरंजनाची बाब.

पण खरी गाठ पुढे होती. कार्यक्रम आठवड्यावर आला. संजय खरंच उतरला होता. पट्टा दोन भोकं आत गेला होता, निळ्या शर्टाची बटणं आपल्या पायावर उभी होती, आणि तपासणीत साखरही खाली सरकली होती. प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या होत्या, "बरं चाललंय." सदाशिव पेठेत याहून मोठा पुरस्कार देत नाहीत. गोळी टळली होती, एवढं टिकवलं तर. आणि नेमक्या त्याच आठवड्यात द्वारकामावशी तुपात न्हालेला शिऱ्याचा डबा घेऊन वाटेत आडव्या उभ्या राहिल्या.

"खा."

"नको मावशी."

"पार वाळलास. तोंडाची रया गेली. एवढ्यात किती पोरांच्या वह्या गेल्या, ठावं हाय का? खा म्हणते ना."

"मावशी, नको."

"व्हय, आता कशाला पाहिजे आमचं?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "काचेच्या हापिसात खाणाऱ्याला वस्तीतलं कशाला गोड लागंल? तुझी आई असती तर तिच्या हातचं खाल्लं असतंस. मोठा माणूस झालास. नगं खाऊस."

डबा त्यांनी बंद केला. संजय तिथेच उभा राहिला. कारकुनाने केला नव्हता, बापूरावांनी केला नव्हता, तेवढा अपमान त्याला आता वाटला, आणि विशेष म्हणजे तो स्वतःचा नाही, द्वारकामावशींचा वाटला.

"मावशी, आईच्या पायाला झालेलं आठवतंय?"

तो पाय शेवटचे दोन महिने त्यांनीच धुतला होता.

"मलाही साखर निघाली होती. म्हणून पोट कापलं. परत चढली होती. म्हणून खात नाही. दुसरं काही नाही."

द्वारकामावशींनी डब्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग सटकन त्याच्या दंडावर एक चापटी मारली, जोरात. "मेल्या, मग आधी सांगायचं न्हाई? गावभर बायकांना शिरा करायला लावला मी! माझ्या हातानं तुला…" त्यांनी डबा पदराखाली घेतला आणि तरातरा निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी संजय वस्तीत शिरला तर पहिल्या दारातून वाटी आली. वाटीत उकडलेलं अंडं. दुसऱ्या दारातून मोड आलेली मटकी. आणि टपरीवर त्याने चहाला हात लावला तर आतून कोणीतरी ओरडलं, "बिनसाखरेचा द्या त्यांना! द्वारकाबाईंनी सांगितलंय!"

हे सगळं छान झालं. पण वह्या? पोरं तेवढीच होती आणि संजय कमी झाला होता. ह्या प्रश्नावर द्वारकामावशी फक्त म्हणाल्या, "बघू."

कार्यक्रम सकाळी अकराचा, त्यामुळे साडेबाराला सुरू झाला. मैदानात तीन बल्ल्यांवर मंडईचा तराजू टांगला होता, पारड्यांत गाद्या. बाजूला वह्यांचा टेम्पो, दिग्विजयने दिलेल्या ताज्या आकड्याप्रमाणे काटेकोर भरलेला. फोटोवाले आले होते. आदल्या दिवशी दिग्विजयने संजयला वाफेच्या पेटीत बसवायचा आग्रह धरला होता, "लास्ट मिनिट वॉटर वेट, सर." सोनालीने त्याच्या हातून पेटीची किल्ली घेतली आणि म्हणाली, "तू बस. काकांना आकडा मी कळवते."

संजय पारड्यात बसला. समोर वह्यांचे गठ्ठे चढू लागले. पोरं मोठ्याने मोजत होती. पारडं हललं, सरकलं, समान झालं. टेम्पोत दोन गठ्ठे उरलेसुद्धा.

टाळ्या वाजल्या, पण पातळ वाजल्या. मागच्या रांगेत तो रिक्षावाला होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं? वाळका." वजन कमी भरलं म्हणून लाज वाटण्याची संजयच्या आयुष्यातली ही पहिली वेळ. समोर शाळेची पोरं बसली होती, पुढच्या रांगा मोजून आनंदी आणि मागच्या रांगा मोजून गप्प. हिंमतराव मात्र प्रसन्न होते. त्यांनी माइक घेतला, "जय भीम," आणि वीस मिनिटं त्याग या विषयावर बोलले.

मग संजयच्या हातात माइक आला. खिशात भाषण होतं, संगणक युगातील तरुणांची जबाबदारी वगैरे. त्याने ते काढलंच नाही. त्याची नजर हिंमतरावांवर गेली. फ्लेक्सवाल्याने कापलेला गळ्याखालचा भाग इथे पूर्ण हजर होता, पांढऱ्या कडक कपड्यात, दोन खुर्च्या एकत्र लावून.

"मित्रहो," संजय म्हणाला, "माझा सत्कार झाला, पण मी काय केलं? मी खाल्लं, मग सोडलं. वह्या दिल्या कुणी? हिंमतभाऊंनी. मान कुणाचा? देणाऱ्याचा. माझी आपल्या सगळ्यांच्या वतीने विनंती आहे, आता भाऊंची तुला व्हावी."

मग मागून द्वारकामावशींचा आवाज आला, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तुरुंगाच्या भिंतीपर्यंत जाईल असा. "भाऊंना बसवा!" आणि सगळ्या बायकांनी धरलं, "भाऊंना बसवा! भाऊंना बसवा!" ही तयारी आधीची होती हे संजयला तेव्हा कळलं. त्याने सुरुवात केली नसती तर त्यांनी केली असती.

हिंमतराव हात जोडत होते, नको नको म्हणत होते. पण फोटोवाले पुढे आले होते, आणि कॅमेरा पुढे आला की मागे सरणारा उमेदवार महाराष्ट्रात जन्माला यायचा आहे. चार कार्यकर्त्यांनी धरून त्यांना पारड्यात बसवलं. बल्ल्यांनी कुरकुर केली. दुसरं पारडं आकाशात गेलं.

संजयच्या वह्या चढल्या. उरलेले दोन गठ्ठे चढले. पारडं हललंसुद्धा नाही.

"आणा अजून!" पोरं ओरडली.

कार्यकर्त्याने अप्पा बळवंत चौकातल्या वह्यांच्या दुकानात फोन लावला. फोनवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, दुकान एक ते चार बंद असतं."

"अरे, मालक वरच राहतो ना? उठव त्याला!"

"उठवलं भाऊ. ते म्हणाले, चारला."

हिंमतराव उठायला लागले. तेव्हा तात्याराव, जे सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते, खुर्चीतूनच म्हणाले, "पारडी समान व्हायच्या आत उठलं तर ती तुला होत नाही. नुसतं बसणं होतं. तसं छापून आलं तर बरं दिसणार नाही."

हिंमतराव बसले. ऊन चढलं. पाय पारड्यात आखडलेले, डोक्यावर कार्यकर्त्याने धरलेली छत्री. चार वाजायला अजून भरपूर अवकाश होता. आणि मग द्वारकामावशी पुढे आल्या. हातात डबा. मागे रतनकाकू, त्यांच्या मागे सगळी सोळा घरं, प्रत्येकीच्या हातात झाकलेलं ताट.

"उपाशी बसू नये भाऊ," द्वारकामावशी म्हणाल्या, "आमच्या दारी आलात. घ्या, शिरा हाय. तूप घातलंय."

भुकेला आणि उमेदवार, दोघंही मतदाराच्या हातचं नाकारत नाहीत. हिंमतराव दोन्ही होते. त्यांनी शिरा खाल्ला, पुरणपोळी खाल्ली, लाडू खाल्ले. प्रत्येक ताटागणिक वरचं पारडं किंचित आणखी वर जात होतं आणि मागच्या रांगांतली पोरं श्वास रोखून बघत होती. संजयने तात्यारावांकडे पाहिलं. म्हातारा हसत नव्हता. पण हाताची घडी सुटली होती.

टेम्पो साडेचारला आला. एक गठ्ठा जास्तीच आणला होता, तोही लागला. शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या पोरीपर्यंत वह्या पोहोचल्या, रिक्षावाल्याच्या सातवीतल्या पोरीपर्यंतसुद्धा. चार माणसांनी हिंमतरावांना उतरवलं. त्यांनी संजयला हाताने जवळ बोलावलं. ते चिडतील असं संजयला वाटलं होतं. पण ते कार्यकर्त्यांकडे पाठ करून, तोंडातला लाडू गिळत हळूच म्हणाले, "ओव्हाळ, तुमचा तो डॉक्टर… पत्ता देता का?"

"देतो," संजय म्हणाला. "सदाशिव पेठ, पहिला मजला. चपला रांगेत ठेवा."

निवडणुकीत हिंमतराव पडले. फ्लेक्स उतरवला गेला. वस्तीत फ्लेक्स कधी वाया जात नाही, चांगला जाड असतो, पाणी झिरपत नाही. संजय आता रोज सकाळी घरापासून वस्तीपर्यंत चालत येतो, तात्यारावांबरोबर बिनसाखरेचा चहा घेतो आणि परत फिरतो. वजन अजून फ्लेक्सवरच्याइतकं झालेलं नाही. मॅडम म्हणतात, व्हायलाच पाहिजे असंही नाही. मध्येच एखादा वाढदिवस आडवा येतो, एखादी मस्तानी हसते, मग दुसऱ्या दिवशी तो जास्त चालतो.

परवा तो द्वारकामावशींच्या घरावरून जात होता. दाराशेजारच्या त्यांच्या उघड्या मोरीला भोवतीने फ्लेक्सचा आडोसा केला होता. उन्हाने निळा शर्ट फिका पडला होता, पण बारीक संजय रस्त्याकडे तोंड करून हसत होता.

"मावशी, मला मोरीला लावलंत?"

आतून पाण्याचा तांब्या वाजला. "मग? उगा पडून होतास. आणि नीट बघ, तोंड बाहेरच्या अंगाला केलंय. मी आंघोळ करताना तू आत बघत बसलास तर?"

संजय हसत पुढे निघाला. मागून मावशींची हाक आली.

"ए! भिंतीवर वाटीत अंडं ठेवलंय. ते घेऊन जा!"